मेला

दार लोटून घेऊन शर्वाणी फोनवर मैत्रिणीपाशी रडत होती. “मेला गं तो! किती जीव लावला होता मी त्याला!”

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. नववीतल्या मुलीने जीव लावलेला हा मेला कोण? क्लासमधला की समोरच्या बिल्डिंगमधला? लाटण्यासकट ती आत शिरली. “काय केलं त्या मेल्याने? खरं सांग.”

“शिवी नाही गं आई, खरंच मेला.” ‘तुझ्या वयाला आवडेल’ म्हणून वाचनालयातल्या काकूंनी दिलेली कादंबरी शर्वाणीने पुढे केली. “यातला उंट. शेवटच्या पानावर.”

“हुश्श! बरं झालं!” आई मटकन पलंगावर बसली.

शर्वाणीचं रडणंच थांबलं. “तो मेला आणि बरं झालं?”

“मेला म्हणून नाही गं,” आईला हसू आवरेना. “उंट निघाला म्हणून!”