न आवडणारं पापलेट

"घरात असलं पापलेट म्हटल्यावर तुमची सून डोहाळ्यांत रोज हेच खात असेल," मासळी बाजारात गिऱ्हाईक बाई चांगुणा कोळणीला म्हणाली.

शेजारी मांदेली निवडणाऱ्या सुनेनंच उत्तर दिलं, "आमच्या घरात पापलेट कुणाला आवडत नाही."

चांगुणाबायचा कोयता हातातच थांबला. हे वाक्य तिचं होतं, घरादाराला तिनंच पढवलेलं. चांगली मासळी बाजारात जायची, उरलेली मांदेली कालवणात पडायची. जे ताटात येत नाही ते आवडत नाही म्हटलं की घास सुखानं उतरायचा. चाळीस वर्षं तिचा उतरला होता. सुनेची नजर मात्र त्या पापलेटावरून हलत नव्हती.

"कापून द्या," बाई म्हणाली.

चांगुणाबायनं पापलेट उचलून स्वतःच्या डब्यात टाकलं. "हे विकलं गेलं."

"आत्ता तर इथंच होतं. कुणी घेतलं?"

"माझ्या नातवंडानं. त्याचा भाव तुम्हाला परवडायचा नाही."

मग ती सुनेकडे वळली. "आज हे रांध, बाय, आणि सगळ्यांच्या आधी तू जेव. खाऊन झालं की मग मला सांग, आवडत नाही म्हणून."