बकरी, ब्रेक, मासोळी आणि कोसा

पॅसेंजर वेळेच्या आधी आली आणि चैतरामचा घात झाला. भालूटोल्याला स्वातंत्र्य वेळेवर आलं होतं, पॅसेंजर कधीच नाही. म्हणून दरेकशाकडचा बोगदा घुमू लागला तेव्हा पॉइंटवाला चैतराम घंटेखाली मांडी घालून निवांत बसला होता. मांडीवर साहेबाचा बाजा, आणि दातांत चौथ्या तारेचं टोक.

बाजा म्हणजे सितारीचं पिल्लू. चार तारांचं, काखेत मावेल एवढं. गार्ड ओलिव्हरसाहेब पावसाळ्याआधी बिलासपूरच्या दवाखान्यात गेले, ते हा बाजा चैतरामच्या हवाली करून. "जसंच्या तसं देईन साहेब," असं चैतराम पॉइंटच्या दांड्यावर हात ठेवून बोलला होता. चैतरामजवळ ठेवलं म्हणजे तिजोरीत ठेवलं, असं अख्खी लाइन म्हणायची. आतड्याच्या तारा उंदरांना फार आवडतात, एवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चारही खाल्ल्या. लाकडाला दात लावला नाही, इतके ते उंदीर सभ्य.

आज साहेब परत कामावर येणार होते, आणि बाजावर चार जागी चार जाती होत्या. पहिली बकरीच्या आतड्याची, चुलीवर टांगून वाळवलेली. दुसरी सायकलच्या ब्रेकची, दोरातला एक पदर उसवून काढलेली. तिसरी नायलॉनची, नवेगाव बांधच्या ईश्वरदासनं मासोळीच्या गरीची दोरी दिली होती. चौथी कोशाची, म्हणजे रानरेशमाची. ती बायकोनं, धुरपतानं, वळली होती. तिच्या माहेरी कोसा काढत. बेत असा, की चारही वाजवून पाहायच्या आणि जिचा आवाज साहेबाच्या तारांच्या जवळ जाईल, त्या जातीच्या चारही लावायच्या. बेत उत्तम होता. गाडी आली.

"सांगून टाक, वाघानं नेला," स्टेशनमास्तर केशोराव दबक्या आवाजात म्हणाले.

"वाघ बाजा कायले नेते जी?" धुरपता म्हणाली.

चैतरामनं चौथीचं टोक खुंटीला गुंडाळलं, तोवर साहेब मागच्या गार्डाच्या डब्यातून उतरून आलेच. निम्मे उरले होते. कोट तेवढा पूर्वीचा.

"चैतराम! हमारा बच्ची कैसा है?"

"साहेब, म्या सबूद देला होता..." चैतरामनं बाजा पुढं केला. "उंदरानं खाल्ल्या साहेब. चारही."

साहेबांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. बाजा छातीशी धरून त्यांनी पहिली तार छेडली. ओल्या घोंगडीवर काठी मारावी तशी ती ढप्प वाजली. तिला थोडा वासही होता.

दुसरी छेडली आणि खरोखरच ब्रेक लागला. तिसऱ्या डब्यातली झोपलेली म्हातारी दचकून उठली आणि कोणतं ठेसन आलं म्हणून विचारू लागली. बाजाच्या पोटावर चिकटवलेली लाकडी पट्टी करकरली. साहेबांनी घाईनं ती तार सैल केली.

तिसरी साफ. घासलेल्या पितळेसारखी. साहेबांची मान हलली, चैतरामचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्यांदा छेडेपर्यंत ती उतरली. पुन्हा पिळली, पुन्हा उतरली. बोलता बोलता मुद्दा विसरणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग चौथी.

आवाज मोठा नव्हता. ऐन रानात, दूरच्या सालईच्या झाडावर मधाचं पोळं असावं आणि वाऱ्यानं त्याची कुजबुज आणावी, एवढाच. पण तो संपेना. फलाटावरून सरकला, डब्यांखालून गेला, बोगद्यात शिरला, आणि तिथून बाहेर यायला त्यानं वेळ घेतला. तेवढा वेळ इंजिनानं वाफ सोडली नाही. आपण कशालाही हात लावला नव्हता, असं ड्रायव्हर छोटेलाल पुढं मरेपर्यंत शपथेवर सांगत असे.

"ये... ये कहाँ का माल है?" साहेबांनी विचारलं.

चैतरामनं धुरपताकडे बोट केलं. धुरपतानं लुगड्यावरूनच मांडीवर थाप मारली.

"इथला. इथंच वळला."

साहेबांचे कान लाल झाले. केशोराव सिग्नलकडे पाहू लागले.

"और है?"

तिनं ओटीतून कोशाची लड काढली.

"साहेब, गाडी!" केशोराव म्हणाले.

साहेबांनी हिरवी झंडी गुंडाळून काखेत मारली. "गाडी तो रोज जाती है, मास्टर."

धुरपता फलाटावर बसली. लुगडं गुडघ्यावर सारलं, मांडीला राख चोळली आणि वळू लागली. तळहात पुढं जाई, धागा फिरे. तळहात मागं येई, धागा बारीक होई. माणसं डब्यांतून उतरली, गोल उभी राहिली. चहा कोणी मागितला नाही. लाइनवर वाघ बसला आहे, असं केशोरावांनी पुढच्या ठेसनाला कळवून टाकलं आणि तेही येऊन उभे राहिले.

चौदा वर्षं हा हात भाकर थापताना, शेण सारवताना चैतरामनं पाहिला होता. आज तो कोणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. तो साहेबांजवळ सरकला.

"साहेब, जसंच्या तसं देईन म्हणलं होतं म्या..."

"चुप, चैतराम," साहेब हळूच म्हणाले. "देखो."

तीन तारा झाल्या. एकेक करत चढल्या. शेवटच्या तारेला मात्र साहेबांना धीर निघेना. त्यांनी खुंटी खसकन पिळली.

धुरपतानं राखेनं पांढरा झालेला हात सरळ साहेबांच्या मनगटावर ठेवला.

"एका कोशात एक किडा घर करून राहते, साहेब," ती म्हणाली. "या एका तारेत एकवीस घरं हायेत. आस्ते."