खाली कुणी दिसू नये

राहीबाईला सकाळी खाट मिळाली आणि आजारात पहिल्यांदाच ती हसली.

मेढ्याकडून तिला आणलं तेव्हापासून ती इस्पितळाच्या फरशीवर, दोन खाटांच्या मधल्या बोळात पडून होती. लढाई संपली तरी क्विनाईन मिळत नव्हतं आणि हिवतापानं सगळे वॉर्ड भरले होते. तिची तक्रार तापाची नव्हती. "आवं, मला भुईवर का घेतलंया?" ती नवऱ्याला सारखी विचारायची. "मानूस जायला लागलं की खाली घेत्यात. मी जायला लागली व्हय?"

"जागा न्हाई गं, म्हणून," केरबा म्हणायचा. तिला ते पटायचं नाही.

आता पाठीखाली खाट आली. "आता न्हाई जायची मी," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

खाट मिळाली ती नगरपालिकेचे प्रेसिडेंट नानासो यांच्या हुकमानं. निवडणूक तोंडावर आली होती. नानासोंच्या इस्पितळात माणसं जनावरांसारखी जमिनीवर पडतात, असं विष्णुपंतांनी आपल्या साप्ताहिकात छापलं होतं. नानासोंनी भर सभेत उत्तर दिलं. विष्णुपंतांनी स्वतः यावं, फोटोवाला आणावा, एक जरी रोगी खाली दिसला तरी आपण उमेदवारी सोडू. आज ते यायचे होते.

ज्यांना बसता येत होतं त्यांना कोंडीबा शिपायानं उजाडताच बाहेर उन्हात नेऊन बसवलं होतं. "पावण्यासारखं बसा," त्यानं बजावलं. "कुणी इचारलं तर भेटाय आलोय म्हनायचं. अन् कण्हू नगा."

"थंडी वाजतीया लय," एक म्हातारा म्हणाला.

"मग हसत हसत कुडकुडा."

ऊन खिडकीवर आलं आणि राहीबाईचा श्वास बदलला. शेजारच्या खाटेवरची अंबूबाई कुशीवर वळली. वयानं थकलेली बाई होती, पुष्कळ मरणं पाहिलेली. तिनं थोडा वेळ कान दिला.

"केरबा, लेकरा," ती म्हणाली, "हिला खाली घे."

केरबानं बायकोच्या तळपायांना हात लावला. मग तो उठला. ओल्या फडक्यानं त्यानं फरशी पुसली आणि त्या जागेवर आपली घोंगडी अंथरली.

कोंडीबा पळत आला. "आरं गड्या, काय करतूस? खाली न्हाई! मंडळी फाटकात आल्यात. वाईच दम धर, फोटू हू दे, मग घे की खाली."

"ती धरंल का दम?"

"माजी नोकरी जाईल रं."

"पाय धर तिचं," केरबा म्हणाला.

कोंडीबानं दाराकडं पाहिलं. मग राहीबाईच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं पाय धरले.

खाली टेकल्यावर तिनं डोळे उघडले. तिची नजर वरच्या रिकाम्या खाटेवर गेली, तिथून नवऱ्याकडं आली.

"आवं," ती म्हणाली. पुढचं तिला विचारता आलं नाही.

"जागा न्हाई गं," केरबा म्हणाला. "म्हणून."

त्यानं पेल्यात बोट बुडवून तिच्या ओठांवर पाणी सोडलं. एवढ्यात मंडळी दारातून आत आली. पुढं नानासो, मागं विष्णुपंत, त्यांच्यामागं कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर घेतलेला फोटोवाला. नानासो बोलत बोलत आले आणि एकदम थांबले.

"खाट मोकळी असताना बाई खाली कशी? उचला तिला!"

"हात लावू नगासा," केरबा मान वर न करता म्हणाला.

"कुणीही हात लावायचा नाही," विष्णुपंत म्हणाले. "आहे तसा फोटो हवा."

नानासोंना पेला दिसला. पाण्यानं ओलं झालेलं बोट दिसलं. त्यांनी आवाज खाली आणला. "विष्णुपंत, बाई जायला लागलीय. त्यासाठी खाली घेतलीय. तुमच्या घरात नाही घेत?"

"घेतात," विष्णुपंत म्हणाले. "पण कालपर्यंत ती कुठं होती?"

कोंडीबानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहुणे उन्हात कुडकुडत होते.

नानासो फोटोवाल्याकडं वळले. "मग खाट फोटोत येऊ द्या. रिकामी खाट दिसली पाहिजे."

"खाट नको," विष्णुपंत म्हणाले. "नुसती बाई."

फोटोवाल्यानं तिकाटणं आधी मागं नेलं, मग पुढं आणलं. शेवटी दोघांकडंही न बघता त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. आतून त्याचा आवाज आला, "बाईंना तेवढं हलू देऊ नका. हललं की पुसट येतं."

केरबानं राहीबाईच्या नाकापुढं तळहात धरला. बराच वेळ धरला. मग त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि पदर नीट केला.

"काढा," तो म्हणाला. "आता न्हाई हलायची ती."