पाटावरची डिस्क

"लिही," हॉस्पिटलचे व्यवस्थापक रमाकांत सर म्हणाले आणि कोरा कागद त्यांनी इराच्या अंगावरच सरकवला. "मराठीत लिही. बारा वाजता ट्रस्टी येतायत, त्यांना कळायला हवं."

केबिनभर जळक्या वायरींचा वास होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या डोळ्यांच्या हॉस्पिटलची सर्व्हर-खोली काल दसऱ्याच्या सुट्टीत जळून गेली. म्हणायला वीस सर्व्हर, पण खरी मशिनं तीनच. ते वीसही सॉफ्टवेअरच्या रूपात त्या तिन्हींच्या पोटात चालायचे, आणि सगळ्यांचा डेटा एकाच स्टोरेजच्या कपाटात. शेजारच्या कपाटात त्याचा बॅकअप. आता दोन्ही कपाटं काळी. बाहेर पेशंट आपापले जुने रिपोर्ट मागत होते आणि रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांना "बसा, बसा" एवढंच म्हणत होती.

ती खोली इराच्या ताब्यात होती. वय सव्वीस, नोकरीला दीड वर्ष. तिसरी प्रत एका छोट्या डिस्कवर काढून दर शनिवारी गोत्रीच्या शाखेत पाठवायची, ही पद्धत तिनंच बसवलेली. एक खोली गेली तरी दुसरीकडे काहीतरी उरावं म्हणून.

"डिस्क गोत्रीला असते ना?" सर म्हणाले. "मग खंडेनवमीला ती इथे काय करत होती?"

"तुम्हीच फोन करून—"

"मी पूजा करा म्हटलं. तुला अक्कल नको?"

त्यांनी काय म्हटलं होतं ते इराला शब्दन्‌शब्द पाठ होतं. शस्त्रं कधी अर्धी पुजत नाहीत, गोत्रीची डिस्कसुद्धा पाटावर आली पाहिजे, माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. मग सर्व्हर-खोलीतच पाट मांडला गेला. स्क्रू ड्रायव्हर, केबली, डिस्क, सगळ्यांना हळदकुंकू. कपाटांना झेंडूच्या माळा. समई सरांनी स्वतः लावली आणि दसरा सरेपर्यंत विझता कामा नये, अशी वॉचमनला तंबी दिली. काल दुपारी एसीच्या वाऱ्यानं एक माळ सुटली आणि समईवर पडली.

"सर, मला एक सांगायचंय. त्या डिस्कचं—"

"सांगायचं ते कागदाला सांग."

"पण ऐका तरी."

"काल चार वेळा फोन केलास, चारही वेळा कापला. तरी समजत नाही? तुझ्या बाबांनी शब्द टाकला म्हणून घेतलं तुला. नाहीतर असे कॉम्प्युटरवाले अलकापुरीत ढिगानं मिळतात. हं, लिही. गोत्रीची डिस्क कुठे ठेवायची, हा निर्णय पूर्णपणे माझा होता."

इरानं त्यांच्याकडे पाहिलं.

"व्यवस्थापकांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तेही लिही. खाली सही, तारीख."

तिनं पेन उचललं. अक्षर नेहमीपेक्षा छान आलं. सही केली, तारीख टाकली, खाली रेघसुद्धा ओढली. सरांनी कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि कालपासून पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले.

"आता राजीनामा. तो वेगळ्या कागदावर."

तेवढ्यात दार ढकलून कौशल्याबेन आत आल्या. गोत्रीच्या शाखेचं कपाट आणि त्याची चावी गेली बारा वर्षं त्यांच्याकडे. सणाला त्या डभोईला लेकीकडे गेल्या होत्या. इराचा फोन गेल्यावर आज पहिल्या बसनं बडोद्याला परत, तशाच गोत्रीला, तिथून रिक्षानं इथे. त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर आपटला.

"ल्यो इराबेन, तुमचा डबो. शनिवारी ठेवला तस्सा आहे. कुणी हात नाही लावला."

इरानं झाकण काढलं. आत मऊ फडक्यात एक डिस्क. हळद नाही, कुंकू नाही. तिनं लॅपटॉप उघडून वायर जोडली. डिस्क नुसती असून भागत नाही, उघडली तरच ती बॅकअप, हे तीच सगळ्यांना ऐकवायची. पडदा कोराच राहिला. मग एकाखाली एक नावं उमटू लागली. तिनं ती बोटानं मोजली. वीसच्या वीस. त्यातला रिपोर्टचा सर्व्हर तिनं लॅपटॉपवरच चालू करून पाहिला. तो चालू झाला.

"दुसरी मशिनं आली की संध्याकाळपर्यंत उभं करते," ती म्हणाली. "शनिवारपर्यंतचं सगळं आहे. नंतरचं जे गेलं ते मात्र तुमच्या समईला विचारा."

सर पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव शोधला असता तर सापडला नसता.

"मग पाटावर काय होतं?"

"नवीन डिस्क. खोक्यातून काढून ठेवलेली."

"देवीसमोर खोटं ठेवलंस तू?"

"खोटं नाही, सर. रिकामं."

कौशल्याबेननी पदर तोंडाला लावला. आता त्या हसत होत्या की धुरानं खोकत होत्या, कोण जाणे.

सरांचा हात टेबलावरच्या कागदाकडे गेला. पण इराचा तळहात आधीच त्यावर होता.

"हा राहू द्या. डिस्क कुठे ठेवायची हा निर्णय पूर्णपणे माझा होता, व्यवस्थापकांचा काही संबंध नाही. बारा वाजता मीच वाचून दाखवते."

"सोड तो," सर म्हणाले.

कागदाच्या एका कोपऱ्यावर त्यांची दोन बोटं, बाकीच्या सगळ्यावर तिचा पंजा. बाहेर ट्रस्टींची गाडी येऊन थांबली. कागद ताणला गेला, पण फाटला नाही.