कोमट पाण्याचा घोट

“हात वर कर अन् कोमट पान्याचा घोट घे,” चुलीजवळचा तांब्या पुढे करत चंदाबाई म्हणाली. प्रफुलने तसं केलं. छातीत अडकलेला घास हळूच खाली सरकला.

“माय, तुले कसं सुचलं हे?”

“सुचलं असंच.”

गोंडपिपरीकडचं त्यांचं सारं गाव म्हणायचं, माशाचा काटा अडकला असंल. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी दुसरं काय अडकणार? कुणी केळी खायला सांगितली, कुणी कोरड्या भाताचा गोळा गिळायला. सांगणाऱ्याचं काय जातं! पोरगा वाळत चालला, आणि त्याच्याआधी आईच वाळून काडी झाली. काळजीनं खाल्लं तिला, असं बाया म्हणत.

“काटा इतके दिवस राह्यत नाई,” चंदाबाई म्हणाली आणि जाळं घेऊन तलावावर निघालेल्या प्रफुलला तिने थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांना तीच उत्तरं देत होती. भाकर अडते, पेज उतरते. उताणं झोपलं की घशाशी येतं. प्रफुल नुसता मान डोलवत राहिला. त्याला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं.

“आईचं किती बारीक लक्ष आहे!” डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

दुर्बीण झाली, स्कॅन झाला. अन्ननलिकेच्या भिंतीत स्नायूची गाठ निघाली. लाखात एखाद्याला होणारी. कर्करोग नव्हता, पण काढली नाही तर पुढे पाणीही उतरलं नसतं.

“क्वचित ही घराण्यात चालत येते. घरी आणखी कुणाला असा त्रास?”

“नाई,” चंदाबाई घाईने म्हणाली. “याचं ऑपरेशन लवकर करा, बाई.”

नागपूरला ऑपरेशन झालं. लिंबाएवढी गाठ अलगद सोलून काढली, नळी शाबूत राहिली. प्रफुलचा जीव भांड्यात पडला.

सगळं खायची मुभा मिळाली त्या दिवशी घरात मरळ माशाचा रस्सा शिजला. पहिला घास सरळ खाली उतरला, तसं प्रफुलला रडू फुटलं.

“माय, तू बी बस आता.”

“मी मांगून जेवतो. रोजचंच हाये.”

रोजचंच होतं खरं. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीकडे तोंड करून, एकटीच जेवायची ती. आज मात्र प्रफुलने ऐकलं नाही. स्वतःच्या ताटातला घास त्याने तिच्या तोंडात भरवला.

तिने तो चावला. बराच वेळ चावला. मग गिळला.

आणि तिचा एक हात हळूच वर गेला, दुसरा चुलीजवळच्या तांब्याकडे.