न मुरणारं लोणचं

कक्षाभरणीच्या दुकानातून बरणी घरी आणताना दिगंबरपंतांची छाती फुगली होती. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेतही त्यांच्या खिडकीचे गज गंजत नव्हते, कारण गजांवरच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेतली रिकामी जागा इलेक्ट्रॉन घालून भरली होती. असा पोट भरलेला अणू मग कुणाशी जोडून घ्यायला जात नाही. तेव्हा उद्या परदेशी निघालेल्या लेकीचं लोणचं तरी का नासावं? म्हणून त्याच्याही कक्षा त्यांनी भरून घेतल्या होत्या.

पंतांच्या पत्नी सुशीलाबाईंनी आपण सकाळीच घातलेल्या लोणच्याची बरणी उघडली. स्वप्नातल्यासारख्या फोडी संथ तरंगत होत्या आणि मसाला एकीलाही शिवत नव्हता. त्यांनी एक फोड तोंडात टाकली. जीभ आणि फोड लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसारख्या शेजारी उभ्या राहिल्या.

"अहो, हे मुरणार कधी?"

"कधीच नाही!" पंत अभिमानाने म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना जरा उशिराच कळलं.

मेधाविनीने बरणी हुंगली. वास नव्हता. "बाबा, तिकडे आईच्या हातची चव मिळत नाही म्हणून तर नेते ना मी?"

पंत बरणी घेऊन चपला न घालताच दुकानात परत गेले. "कक्षा मोकळ्या करा."

दुकानदार म्हणाला, "मग मुरेल, पण केव्हातरी नासेलही. हमी नाही हं, काका."

"नासू दे."

परतताना घराच्या पायरीवरच बरणी पाझरली. पंतांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळाजर्द डाग पसरला. मेधाविनीने त्या डागाला नाक लावून डोळे मिटले आणि पंत कितीतरी वेळ जागचे हलले नाहीत.