बुधवारचं पाणी

गाडी बंद पडली आणि पाणी सोडणाऱ्या नव्वाफला वरच्या आळीत पोचायला दुपार झाली. जॉर्डनमधल्या अजलूनच्या त्या डोंगरावर आठवड्यातून एकदाच, बुधवारी सकाळी पाणी यायचं. आज शिव्या ठरलेल्या. तो मान खाली घालूनच व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी आला.

गच्चीवर म्हाताऱ्या उम्म तामिरनं टाकीवर थाप मारली. आवाज भरीव आला.

“काठोकाठ भरली रे पोरा! सगळ्या आळीच्या भरल्या. माझं धुणंसुद्धा वाळत आलं. अल्ला तुझे हात शाबूत ठेवो!”

नव्वाफचा जीव भांड्यात पडला. पाणी कुणी का सोडेना, शिव्या तर टळल्या! हसत हसत तो वळला. खड्ड्याच्या झाकणाला कुलूप होतं, आणि एकुलती एक किल्ली त्याच्या खिशात.

“पण काय रे,” उम्म तामिरनं वरून विचारलं, “आत्ता तर पाणी बंद करायला खड्ड्यात उतरलास. बाहेर कधी आलास?”